वाय-अक्ष खाली जातो

शाळेत ज्याला यू-डायसची माहिती ऑनलाइन भरता येते त्याला संगणकातलं सगळंच येतं, असं सगळे धरून चालतात. त्यात आमचे कलाशिक्षक निवृत्त झालेले आणि त्यांची जागा अजून रिकामी. त्यामुळे सुवर्णमहोत्सवासाठी शाळेचं बोधचिन्ह ‘जरा नीट करून घ्या’ म्हणून मुख्याध्यापकांनी काम दिलं ते माझ्याकडे. मी नववी-दहावीला गणित शिकवते. चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध आला तो इंटरमिजिएटच्या परीक्षेत. तिथेही स्मरणचित्रात जेमतेम आणि कर्तव्यभूमितीत बरे, असाच निकाल होता.

आता ‘नीट करणं’ म्हणजे काय ते सांगते. जुन्या चिन्हात एक वर्तुळ. वर्तुळात उगवता सूर्य, सूर्यापुढे उघडं पुस्तक, पुस्तकावर समई, खाली कमळ. भोवती संस्थेचं नाव, प्रशालेचं नाव, तालुका, जिल्हा (सोलापूर), स्थापनेचं साल आणि एक संस्कृत बोधवाक्य. एवढा सगळा ऐवज लेटरहेडच्या कोपऱ्यात दीड इंचात बसवलेला. मूळचा जस्ताचा ब्लॉक छापखाना बंद झाला तेव्हा गेला. उरलं लेटरहेड, मग त्याची झेरॉक्स, झेरॉक्सचं स्कॅन आणि त्या स्कॅनचा मोबाइलवर फिरत आलेला फोटो. वात कुठे संपते आणि कमळाची पाकळी कुठे सुरू होते, हे आता फक्त जुनी मंडळी सांगू शकतात. फ्लेक्सवाला, गणवेशवाला, शिक्केवाला, तिघंही एकच विचारतात, “मॅडम, सीडीआर आहे का?” सीडीआर म्हणजे कोरल ड्रॉमधली फाइल. आपल्याकडे फ्लेक्सच्या दुकानांचा सगळा संसार कोरलवर चालतो, हेही मला तेव्हाच कळलं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात तयार दिवे होते, तयार पुस्तकं होती, बोटाने ओढलं की जागेवर बसत. अर्ध्या तासात इतकं देखणं चिन्ह झालं की मला माझाच संशय आला. दोन दिवसांनी बाजारपेठेतल्या एका शिकवणीच्या बोर्डावर तोच दिवा, तीच ज्योत, तसाच डावीकडे कललेला दिसला. त्यांनीही तेच अ‍ॅप घेतलेलं असणार. तरी मी फाइल घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले, आणि दहा फुटांच्या मापाला ताणल्यावर ज्योतीच्या कडेला पायऱ्या दिसायला लागल्या.

त्या दुकानात डीटीपीला बसतो तो माझा जुना विद्यार्थी. दहावीला गणितात काठावर सुटला होता, ते आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

“बाई, हे ठिपके आहेत. मोठं केलं की ठिपकेच मोठे होणार. वेक्टरमध्ये काढायला लागतंय.”

“मग तूच काढून दे की.”

“देतो की. पण समितीतला प्रत्येक जण येऊन एकेक गोष्ट बदलायला लावणार. त्यापेक्षा तुम्ही शिका. इंकस्केप फुकट आहे. अडलं की या.”

आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे वळला.

इंकस्केप खरंच फुकट आहे. २००३ पासून जगभरची माणसं मिळून ते वाढवत आहेत, कुणीही उतरवून घ्यावं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर ते बसलं. उघडलं तर पांढरा कागद आणि चहूबाजूंनी चिन्हंच चिन्हं, एकाचाही अर्थ लागेना. फोटो टाकून त्याच्याभोवती आपोआप रेघ काढून देणारी एक सोय त्यात आहे असं कळलं. मला हायसं वाटलं. जुन्या चिन्हाचा फोटो टाकला, बटण दाबलं आणि खरोखर रेघा आल्या. जवळ जाऊन पाहिलं तर एका समईभोवती शेकडो बिंदू. कागदाच्या सुरकुत्या, झेरॉक्सची धूळ, स्कॅनरवरचा केस, सगळ्याची इमानदारीने नोंद झालेली. बिचाऱ्या यंत्राला समई कुठली आणि धूळ कुठली हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे हाताने काढणं आलं. त्यासाठी एक पेन आहे, पण ते पेनासारखं चालत नाही. एका जागी टिचकी मारायची, दुसऱ्या जागी टिचकी मारून बोट न उचलता ओढायचं. मग बिंदूतून दोन बाजूंना दोन दांड्या निघतात आणि मधली रेघ वाकते. कुठे वाकते हे आपण दांडी कशी ओढतो त्यावर असतं. मी उजवीकडे ओढलं की रेघ डावीकडे फुगायची. ज्योत काढायला बसले की कांदा व्हायचा. व्हिडिओ भरपूर पाहिले. सगळे सांगतात, इथे क्लिक करा, आता हे दाबा, आता बघा किती सुंदर झालं. का झालं ते कुणी सांगत नाही. वर्गात ‘सूत्र पाठ करा, उदाहरण सुटेल’ असं मीही कधीकधी वेळेअभावी म्हणते. त्या व्हिडिओंपुढे बसल्यावर समोरच्या बाकावरून ते वाक्य कसं ऐकू येतं ते समजलं.

अडत होतं ते एका साध्या ठिकाणी. मी दांडी जिथवर ओढते तिथवर रेघ जात का नाही? टोक वर नेलं की रेघ वर जाते, पण मध्येच थांबते. किती कमी जाते याचा अंदाज येईना, म्हणून दर वेळी जास्त ओढायचं आणि पुन्हा आवरायचं.

उत्तर सापडलं ते मोटारींच्या इतिहासात. मोटारीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत कशी पकडायची, हा फ्रान्समधल्या कारखान्यांचा प्रश्न होता. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्यावर एक रीत काढली. कंपनीने ती गुपित म्हणून दडवून ठेवली. तिकडे रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात स्वतंत्रपणे तेच वळण गाठलं आणि प्रसिद्धही केलं. म्हणून वळणाला नाव पडलं बेझिए यांचं. पण मला उपयोगी पडली ती दडवलेली रीत. ती अशी की नुसते मध्यबिंदू काढत जायचं. मध्यबिंदूचं सूत्र दहावीच्या निर्देशक भूमितीत आहे. मी ते दर वर्षी शिकवते.

आलेखाचा कागद घेतला. चार बिंदू मांडले: (०, ०), (०, ८), (८, ८), (८, ०). पहिला आणि शेवटचा म्हणजे रेघेची टोकं. मधले दोन म्हणजे दांड्यांची टोकं. लागोपाठच्या बिंदूंचे मध्य काढले: (०, ४), (४, ८), (८, ४). त्यांचे मध्य: (२, ६), (६, ६). त्यांचा मध्य: (४, ६). झालं. रेघेचा माथा (४, ६) वर आहे. दांड्या आठपर्यंत उभ्या आहेत आणि रेघ सहापर्यंतच चढते. दोन्ही दांड्या सारख्या उंच असल्या की माथा नेमका तीनचतुर्थांशावर. मध्याऐवजी एकतृतीयांश घ्या, एकचतुर्थांश घ्या, रेघेवरचे बाकीचे बिंदू मिळतात. मी कागदावर ते सगळे काढले आणि जोडले. संगणकावर जी कमान मला हुलकावणी देत होती ती पेन्सिलीने माझ्यासमोर उमटली. त्या दिवशीच्या तासाला दहावी ‘ब’ला अभ्यासक्रमात नसलेला एक भाग ऐकावा लागला. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, हे परीक्षेला आहे का. नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली, पण पाहत होता.

त्यानंतर ज्योत दोन बिंदूंत झाली: टोकाला एक, तिथे कोन, बुडाला एक, तिथे गोलाई. शेकडो बिंदूंची समई पाहिलेल्या माणसाला याचा आनंद काय होतो ते सांगून कळायचं नाही.

या धिटाईवर मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. इंकस्केपची फाइल एसव्हीजी नावाच्या प्रकारात असते आणि हा प्रकार म्हणजे साधा मजकूर आहे. चित्र उघडलं की आत आकडे. अमुक बिंदूपासून निघा, या दोन दांड्या धरून तमुक बिंदूला जा. चित्र म्हणून मला जे परकं वाटत होतं ते मजकूर म्हणून वाचता येत होतं. पुस्तकाचं डावं पान उजव्यापेक्षा किंचित खाली होतं. उंदराने ढकलून जमत नव्हतं, मी आकडा बदलला आणि जतन केलं. पण पान वर जायच्या ऐवजी आणखी खाली गेलं. आकडा वाढवला होता. पुन्हा वाढवून पाहिलं, पुन्हा खाली.

तर या जगात वाय-अक्ष खाली जातो. शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि तिथून खाली मोजायचं, आपण वहीत ओळी लिहितो त्या दिशेने. इंकस्केपमध्ये पूर्वी पडद्यावर तरी वाय वर जायचा. २०२० मध्ये १.० ही आवृत्ती आली तेव्हापासून तिथेही तो खाली वळला. इतकी वर्षं फळ्यावर उभा बाण काढून त्याच्या टोकाला वाय लिहीत आले, त्यामुळे हे पचायला वेळ लागला. अजूनही घाईत हात वरच जातो.

सरावासाठी विद्यार्थ्याने सांगितलं, “ओळखीची चिन्हं काढा बाई, नवीन काही सुचवू नका.” स्टेट बँकेचं घेतलं. १९७१ सालचं, राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या शेखर कामत यांनी केलेलं. निळं वर्तुळ, मधोमध लहान पांढरं वर्तुळ आणि तिथून खाली उतरणारी फट. सहावीतला मुलगा कंपास आणि पट्टीने काढेल. इथे ते काढायला एक आकृती दुसरीतून वजा करावी लागते. मेनूत पाहते तर काय, संयोग, छेद, फरक! नववीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण. मी मोठं वर्तुळ आणि लहान वर्तुळ निवडलं, फरकाची आज्ञा दिली आणि पडदा कोरा. सगळं गेलं. इथे खालच्या आकृतीतून वरची वजा होते, आणि माझं लहान वर्तुळ खाली दबलेलं होतं. लहानातून मोठं वजा केल्यावर उरणार काय? वर्गात रिक्त संचाचं उदाहरण देताना आम्ही ‘वर्गातील दहा फूट उंचीची मुले’ वगैरे काहीतरी सांगतो. यापुढे हे सांगेन.

आणि वर्तुळ. मला वाटायचं, संगणकाचं वर्तुळ तरी निर्दोष असेल. साधनाने काढलेलं वर्तुळ तसं असतंही, पण इतर आकृत्यांत मिसळण्यासाठी त्याची रेघ केली की त्याची चार बेझिए वळणं होतात, आणि या वळणांनी खरं वर्तुळ कधीच होत नाही. दांडीची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली तर जवळजवळ होतं. चूक दहा हजारांत तीनपेक्षा कमी. एक मीटर त्रिज्येला सुमारे पाव मिलिमीटर. फ्लेक्सवर कुणाच्या बापाला दिसणार नाही. मला मात्र तेव्हापासून प्रत्येक गोल चिन्हाकडे पाहताना ते ०.५५२३ आठवतं.

अक्षरांचा भाग वेगळाच निघाला. इथे गणित संपतं. शाळेच्या नावात ‘प्रशाला’ आहे, म्हणजे श आणि ल दोन्ही. टाइप केलं तर दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची. पहिलीपासून आपण पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतो. सुवर्णमहोत्सवी मराठी शाळेने दुसऱ्या वळणाचा ल छातीवर लावायचा का, यावर शिक्षकांच्या खोलीत चांगलीच चर्चा झाली. विद्यार्थ्याने सांगितलं की काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवलं की आपलं वळण पुढे येतं. ती नोंद कुठे करायची हे शोधण्यात एक आख्खी दुपार गेली. आला ल. पाकळीसकट.

मग अक्षरांना जाड कड द्यायला गेले तर शिरोरेषेवर जिथे तिथे उभे काप दिसायला लागले. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्याच्या तुकड्यावर किंचित चढतं, म्हणून आपल्याला सलग रेघ दिसते. कड दिली की प्रत्येक तुकड्याची कड वेगळी दिसते. उपाय पुन्हा संचाचाच: अक्षरांच्या आकृत्या करायच्या आणि सगळ्यांचा संयोग घ्यायचा. रेघ एक होते. मात्र त्यानंतर तो मजकूर राहत नाही, चित्र होतं. ऱ्हस्व-दीर्घ आधीच तपासून घ्यावं.

अक्षर म्हणजे टाइप करायची वस्तू, असं मी धरून चालले होते. आता घरातली जुनी नाटकांची कात्रणं काढून पाहिली. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं कशी काढली होती! एकाही नावात आधीचं अक्षर पुढे उचलून ठेवलेलं नाही. आणि संगणकावर मराठी पहिल्यांदा टाइप करताना आपल्यापैकी अनेकांनी वापरला तो मंगल फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा, हेही मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. तो डोळ्यांसमोर इतका होता की त्याला कुणी घडवलं असेल असं वाटलंच नाही.

संस्थेच्या बैठकीत मी ज्योत आणि पुस्तक एवढंच ठेवलेलं चिन्ह दाखवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सूर्य कुठे गेला असं एकाने विचारलं. कमळ संस्थापकांनी स्वतः सुचवलेलं होतं असं दुसऱ्यांनी सांगितलं. तिसऱ्यांचं म्हणणं, जागा मोकळी आहे तर सरस्वतीही बसेल. “आणि साल? लोकांना कळायला पाहिजे ना, किती जुनी शाळा आहे ते.” मी काही न बोलता सोलापूरहून आणलेला नमुना पुढे ठेवला.

त्याची हकीकत अशी. सोलापुरात गणवेश शिवणारे मोठमोठे कारखाने आहेत आणि तिथे खिशावरची चिन्हं यंत्रावर भरतात. तिथल्या एका भरतकाम करणाऱ्याकडे मी जुनं चिन्ह नेलं होतं. तेलुगू वळणाच्या मराठीत त्याने शांतपणे समजावलं. फाइल त्याला लागत नाही तशी. तो तिच्यावरून ‘पंचिंग’ करतो, म्हणजे सुई कुठून कुठे जाणार त्याचा नकाशा. धाग्याची जाडी साधारण ०.४ मिलिमीटर. मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ भरायला गेलं की कापड गोळा होतं. सूर्याची किरणं कापडाच्या विणीत बुडतात. आणि बोधवाक्य? तो हसला आणि दराजातून कुठल्याशा शाळेच्या नावाचा बिल्ला काढून दाखवला. अक्षरांच्या जागी तांबड्या गाठींची एक गोल रांग होती. मग त्याने आमच्या जुन्या चिन्हाचा सहा सेंटिमीटरचा एक नमुना भरून दिला, पैसे न घेता.

तो नमुना टेबलावरून फिरला. कमळ सुचवणाऱ्यांनी चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. शेवटी ठरलं ते आपल्याकडे ठरतं तसंच: जुनं चिन्ह प्रमाणपत्रांवर आणि लेटरहेडवर राहील, ते मी पुन्हा सगळं हाताने रेखून द्यायचं, गणवेश, फ्लेक्स आणि झेंड्यावर नवं. म्हणजे काम दुप्पट झालं. सरस्वती तेवढी टळली.

रंगाबद्दल फार सांगत नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाया मिसळून, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत केशरी फ्लेक्सवर विटकरी होतो. दुकानात छापून पाहणं याला पर्याय नाही. आम्ही गडद निळा घेतला, तो दोन्हीकडे साधारण सारखा वागतो.

सध्या शिक्क्याशी झगडा चालू आहे. शिक्का गोल, आणि त्याच्या कडेने नाव वळवायचं. इंकस्केप मजकूर वर्तुळावर बसवून देतं, पण प्रत्येक अक्षर ताठच्या ताठ तिरकं करून ठेवतं. इंग्रजीला ते चालतं. आपली शिरोरेषा मात्र अक्षरागणिक मोडते आणि वर्तुळाऐवजी बहुभुज दिसतो. वरच्या बाजूला फटी पडतात त्या वेगळ्याच. विद्यार्थी म्हणाला, शिरोरेषेएवढ्या जाडीचा एक कंस वरून काढा आणि संयोग घ्या. करून पाहिलं, फटी बुजल्या, पण ‘प्र’ आणि ‘शा’ यांच्यामध्ये सरळ तुकड्यांचे कोपरे कंसाखालून डोकावतात. आता अक्षरांचे माथे कापून टाकायचे, फक्त खालची अंगं वर्तुळावर बसवायची आणि एकच वाकडी शिरोरेषा सगळ्यांवर घालायची, असं चाललंय. आमच्या गावातल्या तालमीच्या कमानीवर पेंटरने रंगवलेलं नाव बरोबर असंच आहे: रेषा अखंड वाकलेली आणि अक्षरं तिला लोंबणारी, कडेच्या अक्षरांना किंचित पसरट केलेलं. मी त्याचा समोरून फोटो घेतलाय आणि अक्षरागणिक कोन मोजतेय. ‘ला’पर्यंत आलेय. मुख्याध्यापक रोज विचारतात, शिक्का झाला का. आणि कालपासून त्यांच्या हातात स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मजकूरही दिसतोय.